नालबंदियन राहूनच गेला

टेनिसमध्ये गुणवत्ता असूनही ग्रँड स्लॅम, म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकही, राहूनच गेलेल्यांची चर्चा निघाली की ती न जिंकता नंबर एक झालेल्या चिलीच्या मार्सेलो रिओसचं नाव येतं, ते योग्यच. पण मला जास्त हळहळ वाटते अर्जेंटिनाच्या डेव्हिड नालबंदियनची. दोन हातांचा बॅकहँड मारताना तो खांदा शेवटच्या क्षणापर्यंत वळवलेला ठेवायचा. चेंडू क्रॉसकोर्ट (तिरका) जाणार की बाजूच्या लाइनलगत सरळ, समोरच्याला कळायचंच नाही. २००७च्या माद्रिद मास्टर्समध्ये त्याने नदाल, जोकोविच आणि फेडरर, तिघांनाही ओळीने हरवलं! अडलं ते सर्व्हिसवर. दुसरी सर्व्हिस साधीच, त्यामुळे फुकटचे पॉइंट कमी. स्वतःच्या सर्व्हिसच्या गेममध्येही लांब रॅली खेळून दमायचं. पाच सेटच्या मॅचमध्ये हे फार महाग पडतं. २००३च्या यूएस ओपन सेमीफायनलला अमेरिकेच्या अँडी रॉडिकविरुद्ध दोन सेटची आघाडी आणि मॅचपॉइंट (सामना जिंकून देणारा पॉइंट) हातात असूनही तो हरला. २००९मध्ये खुब्याची शस्त्रक्रिया झाली, आणि तो पूर्वीचा वेग परत आलाच नाही.