स्कायरिम: अ‍ॅनिव्हर्सरी अपग्रेड घेतलं आणि मॉड बंद पडले, 143 तासांचा सेव्ह वाचवायचाय (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

जरा घाईत लिहितोय, कारण भाची 20 तारखेला सुट्टीला येतेय आणि त्याआधी हे निस्तरायचंय.

मी स्कायरिम हा गेम, त्याची स्पेशल एडिशन, स्टीमवर खेळतो. तीन वर्षांत हळूहळू साठेक मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या जोडण्या, घातले. स्काययूआय (मेनूसाठी), अनऑफिशियल पॅच (गेममधल्या चुका दुरुस्त करणारा), हवामान, चेहरे, दोन-तीन नवे शोध (क्वेस्ट) आणि रिव्हरवूडच्या वर नदीकाठी एक मॉडचं घर. गेमची आवृत्ती 1.6.640, तिला जुळणारा एसकेएसई (अनेक मॉडना लागणारा जोडप्रोग्राम), सगळं सुरळीत होतं. लॅपटॉपवर विंडोज 11, 16 जीबी रॅम, जीटीएक्स 1650.

या सेव्हमध्ये आम्ही सोफीला दत्तक घेतलंय. विंडहेल्ममध्ये बर्फात टोपली घेऊन फुलं विकणारी मुलगी. मागच्या दिवाळीत भाचीने तिला पाहिलं आणि तिथेच हटून बसली, हिला घरी न्यायचंच. मुलाला दत्तक घ्यायचं तर घरात त्याचा पलंग आणि पेटी लागते. ते करण्यात आमची एक अख्खी दुपार गेली होती. तेव्हापासून फोनवर तिचा पहिला प्रश्न असतो, "मामा, सोफी कशी आहे?"

आता झालेला घोटाळा. परवा सेलमध्ये अ‍ॅनिव्हर्सरी अपग्रेड स्वस्त दिसलं म्हणून घेतलं. वाटलं, भाचीसोबत खेळायला नवी घरं, नवे शोध मिळतील. एरवी मी कायम एसकेएसईच्या लोडरवरून गेम उघडतो. नवीन माल उतरवायचा म्हणून या वेळी थेट स्टीममधून उघडला आणि गेम 1.6.1170 वर गेला. त्यानंतर लोडर चालवला की "तुमचा गेम या एसकेएसईपेक्षा नवा आहे" असा निरोप येतो आणि सगळं बंद.

मग मी घाबरून चूक केली. कुठला मॉड अडतोय हे शोधायला डेटा फोल्डरमधून चौदा मॉडच्या फायली उचलून टाकल्या. मॉड मी पहिल्यापासून हातानेच टाकत आलोय, मॉड मॅनेजर कधी वापरला नाही. त्यामुळे कुठली फाइल कुठल्या मॉडची, हे आता मलाही सांगता येत नाही. काढलेल्यांत ते घरही गेलं. एसकेएसई नसतानाच सेव्ह उघडला, काही सामग्री सापडत नाही अशी सूचना आली, मी "हो" दाबलं. नदीकाठी गेलो तर तिथे नुसता उतार आणि गवत. घर नाही, सोफी नाही. पुढे दहा मिनिटं फिरलो, तेवढ्यात ऑटोसेव्हही झाले. दोन आठवड्यांपूर्वी हाताने केलेला एक सेव्ह मात्र अजून आहे.

माझे प्रश्न:
अपग्रेडमुळेच हे झालं का? तसं असेल तर पैसे परत मागावेत का?
आणि सोफी परत येईल का?

---

प्रतिसाद 1

दादा, आधी एक करा. सेव्हचं फोल्डर आहे तसं उचलून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स, त्यात स्कायरिम स्पेशल एडिशन, त्यात सेव्ह्ज. प्रत्येक सेव्हच्या दोन फायली असतात, एक ईएसएस आणि त्याच नावाची दुसरी एसकेएसई. जोडीनेच कॉपी करा. दुसरी राहिली तर मॉडनी त्यात लिहून ठेवलेली माहिती जाते.

आता कारण. अपग्रेडचा यात दोष नाही. ते म्हणजे नुसत्या सामग्रीच्या फायली, त्या डेटा फोल्डरमध्ये येऊन बसतात. तुमचे मॉड अडले ते गेमची मूळ एक्झी (गेम चालवणारी फाइल) बदलल्यामुळे. एसकेएसई त्या एक्झीच्या आत ठरावीक जागी जाऊन जोडला जातो, आणि एक्झी बदलली की त्या जागा सरकतात. म्हणून प्रत्येक आवृत्तीला वेगळा एसकेएसई लागतो. 1.6.640 ला 2.2.3 होता, 1.6.1170 ला 2.2.6 घ्या. नेक्सस या मॉडच्या साइटवरून अ‍ॅड्रेस लायब्ररीची (एक्झीतल्या त्या जागांची यादी) 1.6 साठीची फाइल नव्याने उतरवा. ज्या मॉडमध्ये डीएलएल (एसकेएसईमार्फत जोडला जाणारा कोड) आहे, तेवढेच एकेक करून नव्या आवृत्तीचे घ्या. नुसते कपडे, चेहरे, टेक्स्चर यांना बहुतेक वेळा हात लावावा लागत नाही.

ते ऑटोसेव्ह मात्र विसरा. मॉड काढून पुढे खेळलेला सेव्ह आतून फाटलेला असतो. त्या मॉडच्या स्क्रिप्टचे तुकडे सेव्हमध्ये शिल्लक राहतात आणि ज्यांच्यासाठी त्या होत्या त्या वस्तू नाहीशा झालेल्या असतात. आता घर परत टाकून तोच ऑटोसेव्ह उघडलात तरी सोफी जागेवर असेलच असं नाही. रीसेव्हर नावाचं साधन वापरून असे सेव्ह साफ करतात, पण स्वच्छ जुना सेव्ह हाताशी असताना मी त्या वाटेला जाणार नाही. दोन आठवड्यांपूर्वीचा सेव्ह हीच तुमची पुंजी.

क्रम असा ठेवा. मॉड ऑर्गनायझर 2 घ्या. त्यात प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरमध्ये राहतो, गेमला फक्त एकत्र असल्याचा भास होतो, त्यामुळे डेटा फोल्डर कोरा राहतो. गेम प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर स्टीमची लायब्ररी दुसरीकडे हलवा, नाहीतर विंडोज परवानग्यांवरून अडवत बसतं. मग डेटा फोल्डरमधलं हाताने टाकलेलं सगळं बाजूला काढा, स्टीमला फायली तपासू द्या आणि तेच सगळे मॉड, ते घरसुद्धा, मॅनेजरमधून घाला. लूट या साधनाने लोड ऑर्डर (मॉड उघडण्याचा क्रम) लावून घ्या.

सेव्ह लगेच उघडू नका. मुख्य मेनूवर कन्सोल (आज्ञा टाइप करायची चौकट) उघडून सीओसी रिव्हरवूड टाइप करा, थेट गावात उतराल. पाच मिनिटं भटका, घरात जा, बाहेर या. क्रॅश झालं नाही तर मग जुना सेव्ह.

---

प्रतिसाद 2

वरच्या भाऊंनी तांत्रिक बाजू नीट सांगितली आहे. मी खरेदीबद्दल बोलते, कारण त्यात लोक फार गोंधळतात.

डॉनगार्ड, हार्थफायर आणि ड्रॅगनबॉर्न हे तीन खरे विस्तार. 2016 च्या स्पेशल एडिशनमध्ये ते तिन्ही आधीच आहेत, म्हणजे तुम्ही ते कधीच घेतलेत. सोफीला दत्तक घेता आलं तेसुद्धा हार्थफायरमुळे. 2021 च्या अ‍ॅनिव्हर्सरीमधल्या मासेमारी, सर्व्हायव्हल मोड, सेंट्स अँड सिड्यूसर्स आणि रेअर क्युरिओज या चार गोष्टी स्पेशल एडिशनवाल्यांना फुकट मिळाल्या. पैसे देऊन येतात ती बाकीची क्रिएशन्स (गेमची अधिकृत छोटी भर), चार फुकटची धरून सत्तरच्या वर. ड्रॅगनबॉर्नसारखं अख्खं सोल्स्थाइम बेट त्यात नाही. छोटे शोध, चिलखतं, घरं, पाळीव प्राणी असं सगळं आहे.

पैसे परत हवे असतील तर स्टीमचा नियम असा: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि ते घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी चाललेला असला पाहिजे. म्हणजे वरचा सगळा प्रयोग सुरू करण्याआधी हा निर्णय घ्या, नाहीतर मॉड तपासण्यातच दोन तास जातील.

माझं मत विचाराल तर ठेवा. भाचीसोबत खेळताय, तर घरं आणि प्राणी तिला आवडतील. फक्त सगळं एकदम चालू करू नका. ढीगभर शोध एकाच वेळी वहीत येऊन पडतात आणि आपण काय करत होतो तेच हरवतं. नको ती क्रिएशन्स फायलींसकट बाजूला ठेवता येतात, पण वरच्या चार फुकटवाल्यांना हात लावू नका, नवा अनऑफिशियल पॅच त्या मागतो. प्लगिनच्या (मॉडच्या मुख्य फायलींच्या) संख्येची काळजी नको. पूर्ण प्लगिन 254 पर्यंतच चालतात हे खरं, पण क्रिएशन्स बहुतेक हलक्या ईएसएल प्रकारची आहेत, ती त्यात मोजली जात नाहीत.

---

धागाकर्ता

ताई, भाऊ, दोघांचे मनापासून आभार. अपग्रेड ठेवतोय. एक शंका: ते घर नेक्ससवर आता नव्या आवृत्तीत दिसतंय. नवं घालू की माझ्याकडची जुनी झिप?

---

प्रतिसाद 1

जुनीच घाला. सेव्ह ज्या फाइलवर झालाय तीच आधी द्या. नवी आवृत्ती पुढे कधीतरी, मॉडकाराची टीप वाचून. आणि स्टीममध्ये "गेम उघडेन तेव्हाच अपडेट कर" हा पर्याय निवडून ठेवा, गेम कायम मॅनेजरमधून लोडरनेच उघडा.

---

धागाकर्ता

काल रात्री दीड वाजता झालं एकदाचं.

एकसष्टपैकी नऊ मॉडमध्ये डीएलएल निघाले. आठांच्या नव्या आवृत्त्या मिळाल्या, एक सोडून दिला, तो फक्त कॅमेऱ्याचा होता. सीओसीने रिव्हरवूडमध्ये उतरलो, पूल ओलांडून वर गेलो, घर जागेवर होतं. त्याआधी पहिल्यांदा गेम उघडतानाच क्रॅश झाला होता, कारण अ‍ॅड्रेस लायब्ररी मी चुकून 1.5 ची उतरवली होती. ती बदलल्यावर अर्धा तास फिरलो, काही नाही.

मग जुना सेव्ह उघडला. दोन आठवड्यांचं खेळणं गेलं, एक कालकोठडी आणि थोडं लोहारकाम, त्याचं काही वाटत नाही. जिना चढून वर गेलो. सोफी तिच्या पलंगापाशी उभी होती आणि भाचीने दिलेली बाहुली अजून पेटीतच होती.

क्रिएशन्समधली फक्त ती चार फुकटची आणि एक घर चालू ठेवलंय. बाकीचं भाची आल्यावर तिलाच निवडू देतो.