कळ, मुरडा की शूळ?

मावशीच्या पित्ताशयात खडे निघाले. त्याआधी कित्येक महिने ती म्हणायची, "पोटात कळ येते, गॅस धरला असेल." या दोन दुखण्यांना मराठीत वेगळे शब्द आहेत का?

– आहेत. गॅस आतड्यात अडकला की पोट फुगतं, गुडगुडतं, मधूनच कळ येते आणि ओसरते. आता इथे, मग तिथे. वारा सरला किंवा शौचाला झालं की बरं वाटतं. शौचाची भावना होऊन पिळवटतं तो मुरडा. म्हणजे 'कळ' आणि 'मुरडा' दोन्ही येणारे-जाणारे.

पित्ताशयाचं दुखणं तसं नसतं. खडा नळीच्या तोंडाशी अडकतो, तेव्हा दुखणं चढत जातं आणि मग तिथेच ठाण मांडतं, अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांपर्यंत. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात मधोमध. ढेकर, वारा, कूस बदलणं, कशानेच उतरत नाही. याला माझ्या मते 'शूळ' हाच शब्द शोभतो. शूळ म्हणजे भाला, रुतून बसणारा.

– खरा घोळ 'पित्त' या शब्दाचा आहे. 'मला पित्त झालंय' म्हणताना आपल्या मनात आम्लपित्त असतं: जळजळ, आंबट ढेकर. ते आम्ल जठरातलं. पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि तेलकट-तुपकट खाल्लं की पित्ताशय आकसून तो आतड्यात सोडतं. म्हणूनच जड जेवणानंतर हा शूळ उठतो, पुष्कळदा रात्री. 'पित्ताचा त्रास' एवढंच ऐकलं की माणूस आम्लपित्ताची गोळी घेऊन झोपतो.

– डॉक्टरांना 'गॅस झालाय' हे आपलं निदान सांगू नका. कुठे दुखतं, किती वेळ, कशाने उतरतं, ते सांगा. ताप, थंडी वाजणं, डोळे पिवळे होणं, सतत उलट्या, सहा तासांवर टिकलेलं दुखणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका. पोटाच्या वरच्या भागातल्या दुखण्यासोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल तर ते हृदयाचंही असू शकतं, तेव्हा तर लगेच निघा.

– आता आठवतंय. मावशी तोंडाने 'कळ' म्हणायची, पण हात उजव्या खांद्यामागे असायचा. "इथे चोळ जरा," म्हणायची. आम्हाला वाटायचं, उसण भरली असेल.

– पित्ताशयाचं दुखणं तिथवर जातं.