प्रतिसाद: लर्निंगवर उसाची ट्रॉली?

वर विचारलंय की पोराकडे ट्रॅक्टरचं लर्निंग लायसन्स आहे, तर ट्रॉली जोडून कारखान्यावर पाठवू का. माझं मत, अजिबात नको. लर्निंग असताना शेजारी पक्कं लायसन्सवाला हवा आणि तोही गाडी थांबवता येईल असा बसलेला, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. आता ट्रॅक्टरला सीट एकच, मडगार्डवर बसलेला काका ब्रेकपर्यंत पोचणार कसा? पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल पण लागतो, नि ट्रॉली लावली की ट्रॅक्टरच्या मागचा झाकला जातो, म्हणजे ट्रॉलीच्या मागे लावलाच पाहिजे.

पक्कं लायसन्स आलं की ट्रॉलीची अडचण नाही, ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचं लायसन्स बाद होत नाही असं सुप्रीम कोर्टाने २००१ लाच सांगितलंय.

तोवर रिकामी ट्रॉली घेऊन आपल्याच रानात रिव्हर्स शिकवा, मागे घेताना स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं ते हातात बसायला वेळ लागतो. आणि रोडला येण्याआधी डाव्या-उजव्या चाकाची वेगवेगळी असलेली दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने एकत्र अडकवायची सवय लावा, शेतात वळायला सुटी ठेवलेली तशीच राहिली आणि उतारावर भरल्या ट्रॉलीचा रेटा असताना एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर पलटी होऊ शकतो.