गरोदरपणात समुद्रकाठची अवघड वाट: तुमचे अनुभव सांगा

केवडा:
काल भाचीचा फोन आला. पाचवा महिना चालू आहे, पुढच्या महिन्यात दोघं हवाईतल्या कवाई बेटावर चाललेत. "मावशी, तू पोटुशी असताना नापालीची ती वाट चालली होतीस ना? मग मी जाऊ ना?" मला ना हो म्हणता आलं, ना नाही. रात्री झोप लागेना, सगळं डोळ्यांपुढे यायला लागलं. म्हणून इथे लिहिते.

ऑक्टोबर 2019. मला बाविसावा आठवडा. नापालीची ती वाट म्हणजे कलालाऊची वाट, केई बीचपासून निघते. पूर्ण वाट 11 मैलांची आहे, पण आम्हाला पहिले 2 मैलच, हनाकापीआईच्या किनाऱ्यापर्यंत जायचं होतं. जेमतेम सव्वातीन किलोमीटर. लग्नाआधी दर रविवारी सिंहगड चढायचे मी, त्यामुळे त्या आकड्याचं काहीच वाटलं नाही. 2018 च्या एप्रिलमधल्या पुरानंतर ही वाट वर्षभराहून जास्त बंद होती, जूनमध्येच उघडलेली. रोज 900 च माणसं आत सोडत होते. बुकिंग मिळालं याच्याच आनंदात होतो. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली होती, फक्त पडू नका म्हणाल्या होत्या. वाट कशी आहे ते मी त्यांना नीट सांगितलंच नव्हतं. ती चूक माझी.

पहिला मैल चढ, दुसरा मैल उतार. म्हणजे परतताना पुन्हा तेवढाच चढ. आदल्या रात्री पाऊस झालेला. आपल्या कोकणातल्यासारखी लाल माती, पण तिचा नुसता लगदा झालेला, मध्ये दगड आणि मुळं. चढताना मजा आली, खरंच. अर्ध्या मैलावर एका वळणावर समुद्रात उतरणारे ते हिरवे कडे पहिल्यांदा दिसतात, तिथे मी रडलेच. उतारावर मात्र पोटामुळे पुढचं पाऊल कुठे पडतंय ते दिसेना. नवरा खाली उभा राहायचा, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पाऊल टाकायचे.

किनाऱ्याच्या अलीकडे ओढा पार करावा लागतो. लोक हात धरून पलीकडे जात होते, पाणी गुडघ्याच्या वर. वर डोंगरात पाऊस पडला की हा ओढा एकदम फुगतो, तशी पाटीच आहे. मी नाही म्हटलं. तोही गेला नाही. समोर वाळू दिसत होती आणि आम्ही अलीकडे दगडावर बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले.

परतीच्या चढावर पोट दगडासारखं घट्ट झालं. थांबले, सैल झालं. दहा मिनिटांनी परत. मी त्याला दोन्ही वेळा काही सांगितलं नाही. एवढ्या लांब आलोय, तो घाबरेल, असं काहीतरी मनात. तिसऱ्यांदा झालं तेव्हा सांगितलं. तिथे फोनला रेंज नाही. केवड्याच्याच जातीचं झाड असतं तिथे, हाला म्हणतात, त्याच्या सावलीत पाऊण तास बसलो. माझं पाणी कधीच संपलं होतं, त्याच्या बाटलीतलं घोट घोट प्यायले. मग थांबलं. खाली आल्यावर डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, अंगातलं पाणी कमी झालं की असं होऊ शकतं, पण आज पुन्हा झालं तर थेट दवाखाना गाठा. झालं नाही. फेब्रुवारीत लेक झाली, ठणठणीत.

भाचीला काय सांगू? तुम्ही कोणी अशी वाट केली असेल तर जसं घडलं तसं लिहा.

रानजाई:
बाई गं. वाचताना माझेच पाय लटपटले.

तांबडीमाती:
हरिहरेश्वर, 1994, पाचवा महिना. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव असं दर्शन झालं आणि सासूबाई म्हणाल्या प्रदक्षिणा झालीच पाहिजे. ज्यांनी केली असेल त्यांना माहीत आहे, कड्याच्या फटीतून त्या अरुंद पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात आणि पुढे सगळा खडक. मी साडीत. ओहोटी आहे का, हे आमच्यापैकी कोणी विचारलंच नाही. पायऱ्यांच्या तोंडाशी एक नारळवाली बसली होती, ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पानी चढतंय, पोरीला कुठं नेताय?" सासूबाई एक शब्द न बोलता मागे वळल्या. नंतर देवळात माझ्या डोक्यावरून हात फिरवला. वारल्या त्या, पण तो हात आठवतो.

केवडा:
@तांबडीमाती काटा आला अंगावर. तिथे पर्यटक वाहून गेल्याच्या बातम्या कितीदा वाचल्यात.

समुद्रपक्षी:
गूळ-शेंगदाणे हवाईला नेता येतात का? आम्ही डिसेंबरात चाललोय.

केवडा:
हो, आम्ही नेले होते. ताजी फळं, रोपं वगैरे असेल तर फॉर्मवर लिहावं लागतं. हवाईहून अमेरिकेच्या मेनलँडला परतताना बॅगा शेतीखात्याच्या मशीनमधून जातात.

समुद्रपक्षी:
मग आईचा लाडूंचा डबा पक्का!! थँक्यू. धाग्याचा विषय सोडून विचारलं, सॉरी.

अबोली_म्हणते:
मी फिजिओ आहे, मुलगा उठायच्या आत थोडक्यात लिहिते. गरोदरपणात संप्रेरकांमुळे सांध्यांभोवतीचे बंध सैल होतात आणि पोट पुढे आल्याने तोल बदलतो. म्हणून चढापेक्षा उताराला जपा, घोटा मुरगळायची भीती जास्त. काठ्या दोन घ्या, एक नको. उन्हात तापायचं नाही, तहान लागायची वाट बघायची नाही. रक्तस्राव झालेला असेल, वार (प्लासेंटा) खाली असेल, आधी वेळेआधी बाळंतपण झालं असेल तर अशी वाट नकोच. आणि डॉक्टरांना "वॉक" सांगू नका, फोटो दाखवा वाटेचा. उठला

रानजाई:
फोटो दाखवा हे फार पटलं. माझ्या पेशंट बायका पण "थोडं चालते" म्हणतात आणि निघतं भलतंच.

निंबोणी:
इटलीतली समुद्रकाठची पाच गावं, चिंक्वे तेर्रे. चौथा महिना. मोंतेरोस्सो ते व्हेर्नाझ्झा. पायऱ्या पायऱ्या पायऱ्या, एका बाजूला द्राक्षांचे मळे, लिंबं, खाली समुद्र. वाट इतकी अरुंद की समोरून कोणी आलं की भिंतीला चिकटून उभं राहायचं. पण तिथे एक फार मोठी सोय आहे, पाचही गावांना रेल्वे आहे. व्हेर्नाझ्झाला पोचल्यावर मी म्हटलं बास, पुढचं सगळं गाडीने. कॉर्निलिया मात्र वर टेकाडावर, स्टेशनातून गावात जायला पावणेचारशेच्यावर पायऱ्या. तिथे नवरा आणि दीर गेले, मी फलाटावर बसून पीचचा रस प्यायले. केवडा, भाचीला विचार की वाट मध्येच सोडायची सोय आहे का. कलालाऊला नाहीच ना?

केवडा:
नाही. आलात तसंच परत, त्याच पायांनी. हेच तिला सांगायला हवं. बरं सुचवलंस.

दर्यावर्दी:
नवऱ्याच्या बाजूने लिहू का? गोकर्ण, हिला सहावा. कुडलेहून ओम बीच झाला, मग हाफ मूनची कड्यावरची वाट. मीच "थोडंच राहिलंय" म्हणत राहिलो. हिचा चेहरा पांढरा पडला तेव्हा कळलं. परत यायला होडी केली, मागतील तेवढे पैसे दिले. अजून वाईट वाटतं. केवडाताई, तुमच्या यजमानांनी ओढ्याशी बसून राहायचं ठरवलं ते वाचून फार बरं वाटलं.

गवतफुला:
लिहू की नको करत होते. डायमंड हेडचा डोंगर, हवाईतल्याच ओआहू बेटावरचा. नववा आठवडा, कोणाला सांगितलंही नव्हतं. पाऊण मैलाचा चढ, शेवटी सरळसोट पायऱ्या. मस्त वाटत होतं मला. पंधरा दिवसांनी गेलं बाळ. घरात सगळे म्हणाले डोंगर चढायला कोणी सांगितलं होतं. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की इतक्या लवकर जातं तेव्हा बऱ्याचदा गुणसूत्रांतच दोष असतो, तुझ्या चालण्याने झालेलं नाही. तरी सहा वर्षं मी पायऱ्या बघितल्या की मोजते.

तांबडीमाती:
गवतफुला, पोरी, तुझा काही दोष नव्हता. कोणी पुन्हा म्हणालं तर माझ्याकडे पाठव.

रानजाई:
जवळ असतीस तर घट्ट मिठी मारली असती.

केवडा:
गवतफुला, लिहिलंस हे फार केलंस. मी पण ते पाऊण तास मनात हेच घोकत होते, काही झालं तर सगळे मलाच म्हणतील. बाळाच्या काळजीबरोबर ती भीती पण होती. बहुतेक म्हणूनच दोनदा गप्प बसले.

गवतफुला:
आभार सगळ्यांचे. आता एक मुलगा आहे, चार वर्षांचा. धावतो नुसता.

सागरगोटा:
कवाईत कोंबड्या बघितल्यात का? रस्त्यात, पार्किंगमध्ये, बीचवर, सगळीकडे! 1992 च्या इनिकी वादळात खुराडी मोडली आणि कोंबड्या रानात पसरल्या असं तिथले लोक सांगतात. पहाटे चारपासून आरवणं. माझी सात महिन्यांची गरोदर बहीण झोप मिळेना म्हणून रडायची, वाट वगैरे लांबच.

निंबोणी:
हाहा, हो! आमच्या टेबलावर चढली होती एक. कानात घालायचे बोळे न्यायला सांगा भाचीला.

रानजाई:
केवडा, फेब्रुवारी 2020 ला लेक म्हणजे लॉकडाउन! आई आलेली का?

केवडा:
आली होती. महिन्याभराने परतायची होती, मार्चमध्ये विमानं बंद झाली. जूनमध्ये वंदे भारत मोहिमेच्या विमानाने गेली. चार महिने डिंक, आळीव, शेक, मालिश. जगासाठी वाईट दिवस होते ते, पण आई इतके दिवस माझ्याजवळ लग्नानंतर पहिल्यांदाच राहिली. तिला त्या वाटेबद्दल तेव्हाच सांगितलं, बाळ मांडीवर असताना. ती काही बोलली नाही. उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

दर्यावर्दी:
_/\_

अबोली_म्हणते:
आले परत. एक राहिलं, त्या ओढ्याचं पाणी अजिबात पिऊ देऊ नका. तिथे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) धोका असतो. जखम असेल तर त्यात पायही नको.

केवडा:
सगळं वाचून सकाळी भाचीला फोन केला. डॉक्टरांना वाटेचे फोटो दाखवून विचारणार आहे. बुकिंग 30 दिवस आधीच उघडतं, ते करून ठेवतेय, जमलं तर पहिल्या अर्ध्या मैलापर्यंत, त्या वळणावर बसून कडे बघून परत. माती ओली असेल तर तेही नाही. आणि तिच्या नवऱ्याला स्पीकरवर घेऊन सांगितलं, ती थांब म्हणाली की थांबायचं, आणि तिला सांगितलं, पहिल्यांदा पोट घट्ट झालं तेव्हाच बोलायचं, तिसऱ्यांदा नाही. दोघं हो म्हणाले.

समुद्रपक्षी:
केवडा, डिंकाच्या लाडवाचं प्रमाण देशील का? आई विचारतेय.

केवडा:
देते, आईला विचारून. तिचं माप वाटीचं आहे, ती वाटी पुण्यात आहे.