बर्लिनचा चार आठवड्यांचा उन्हाळी कोर्स: भारतातून येणाऱ्या विद्यार्थिनीची तयारी

प्रेषक: वृंदा

नमस्कार मंडळी,

माझी भाची पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बर्लिनच्या एका विद्यापीठात उन्हाळी कोर्सला तिला प्रवेश मिळालाय, १३ जुलै ते ७ ऑगस्ट २०२६. पत्र हातात आहे, फी अजून भरलेली नाही. पासपोर्ट भारतीय, परदेश प्रवास पहिलाच. ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते, असं बँक खातं) लागेल असं तिला कॉलेजात कुणीतरी सांगितलंय. ते खरं आहे का? मी इथून, म्हणजे जर्मनीतून, हमीपत्र द्यावं का? आणि सुरुवात कुठून करायची?

– वृंदा

प्रेषक: श्रीकांत

वृंदाताई,

ब्लॉक्ड अकाउंट दीर्घ मुदतीच्या शिक्षणासाठी, म्हणजे राष्ट्रीय 'डी' व्हिसासाठी लागतं. हिचा मुक्काम ९० दिवसांच्या आत आहे, तेव्हा शेंगेनचा (सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटाचा) अल्प मुक्कामाचा 'सी' व्हिसा. एक गोष्ट तिला आत्ताच सांगून ठेवा: या व्हिसावर येऊन इथेच पुढचा प्रवेश घ्यायचा आणि निवास परवाना काढायचा, असं करता येत नाही. त्यासाठी परत जाऊन नवा अर्ज करावा लागतो.

आधी पासपोर्ट पाहा. परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध, गेल्या १० वर्षांत दिलेला, आणि २ पानं कोरी. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून देता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. खरी अडचण अपॉइंटमेंटची. मे-जूनमध्ये सुट्टीला निघालेल्यांची गर्दी असते, त्यामुळे एप्रिलमधली तारीख मिळाली तर तीच घ्या.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त गडबड तारखांची होते. प्रवेशपत्रात १३ जुलै, विमानाच्या आरक्षणात ११ जुलै, विमा १२ पासून आणि खोली १० पासून, असं झालं की अर्ज वाचणाऱ्याला प्रवासाचा हेतूच पटत नाही. आधी एक कागद घ्या आणि पोहोचण्याची व निघण्याची तारीख पक्की लिहा. समजा ११ जुलैला पोहोचून ९ ऑगस्टला निघायचं. दोन्ही टोकांचे दिवस धरून ३० दिवस होतात. फॉर्म, विमा, खोली, आरक्षण आणि कव्हर लेटर, सगळीकडे हेच दोन आकडे आले पाहिजेत.

विमा किमान ३०,००० युरोंचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी, तातडीचे उपचार आणि मायदेशी परत नेण्याचा खर्च धरून. फोटो ३५ × ४५ मिलिमीटर, ६ महिन्यांच्या आतला. कॉलेजकडून बोनाफाइड घेताना पुढचं सत्र कधी सुरू होतं ते त्यात लिहून घ्या. परत जाण्याचं ते सगळ्यात भक्कम कारण आहे. खर्च आईवडील करणार असतील तर त्यांचं संमतीपत्र, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि नात्याचा पुरावा जोडा. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात मोठी रक्कम भरू नका. ती कुठून आली हा प्रश्न उभा राहतोच.

व्हिसा शुल्क प्रौढांना ९० युरो आहे, पण शेंगेन व्हिसा संहितेच्या १६व्या कलमात अभ्यासासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ते माफ आहे. अर्ज देतानाच प्रवेशपत्र आणि बोनाफाइड दाखवून ही सूट मागायची, नाहीतर ९० युरो निमूट कापले जातात. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवाआकार मात्र भरावाच लागतो.

> आणि मी इथून हमीपत्र द्यावं का?

आईवडिलांची कागदपत्रं पुरेशी असतील तर देऊ नका. इथलं औपचारिक हमीपत्र, फेरफ्लिश्टुंग्सएरक्लेरुंग, परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन करावं लागतं. त्याचं शुल्क २९ युरो. पण सही केली की तिचं राहणं, आजारपण, वेळ पडली तर परत पाठवणीचा खर्च, सगळं सरकार तुमच्याकडून वसूल करू शकतं. ती तुमच्या घरी राहणार असेल तर साधं निमंत्रणपत्र, पासपोर्टची प्रत आणि घराचा करार एवढं द्या.

अर्ज घाईत, अर्धवट कागदांनिशी देऊ नये याचं आणखी एक कारण आहे. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने व्हिसा नाकारल्यावरची फेरविचार-विनंती बंद केली आहे. आता नव्याने अर्ज करायचा किंवा कोर्टात जायचं. जुलैच्या कोर्ससाठी कोर्टाचा काही उपयोग नाही.

– श्रीकांत

प्रेषक: मीनल

वृंदाताई, श्रीकांतदादांनी व्हिसाचं सांगितलंच आहे. पण फी भरण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या.

पहिली विद्यापीठाकडून: व्हिसा नाकारला गेला तर फीपैकी किती परत मिळते आणि कोणत्या तारखेपर्यंत कळवावं लागतं.

दुसरी तिच्या विभागप्रमुखांकडून: या कोर्सचे क्रेडिट धरणार का, किती आणि कोणत्या विषयाच्या जागी. युरोपातल्या क्रेडिटला ईसीटीएस म्हणतात; १ ईसीटीएस म्हणजे वाचन, निबंध, परीक्षा धरून विद्यार्थ्याचं २५ ते ३० तासांचं काम. आपल्याकडे व्याख्यानाचं १ क्रेडिट सत्रातल्या १५ तासिकांवर मोजतात. त्यामुळे "तिथे ६ मिळाले म्हणजे इथे ६" असं होईलच असं नाही. सविस्तर अभ्यासक्रम, आठवड्याच्या वर्गतासिका आणि मूल्यमापनाची पद्धत मागवून विभागाला आधीच द्यावी. परत आल्यावर मागायला गेलं तर उन्हाळ्यापुरते नेमलेले शिक्षक सापडत नाहीत. गुणपत्रिका वाचणाऱ्यांनाही सांगून ठेवा की जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. उलटं वाचलं की चांगल्या मुलीचं नुकसान होतं.

चार आठवड्यांत वर्गाचे दिवस फक्त २० असतात. एक बुडाला की ५ टक्के कोर्स गेला, आणि बऱ्याच ठिकाणी प्रमाणपत्र हजेरीवर असतं. म्हणून शनिवारच्या ऐवजी सोमवारी सकाळी उतरणारं स्वस्त तिकीट घेऊ नका. शनिवारीसुद्धा दुपारपर्यंत पोहोचलेलं बरं, कारण रविवारी दुकानं बंद. मुख्य स्टेशनातली उघडी असतात, तेवढाच आधार.

वाचनसूची महिनाभर आधी मागवा. वेळापत्रकात आकड्यापुढे 'सी.टी.' दिसलं तर वर्ग १५ मिनिटं उशिरा सुरू होतो, 'एस.टी.' असेल तर ठोक्याला.

– मीनल

प्रेषक: हेमंत

वृंदाताई, मी फक्त उतरल्यानंतरचं लिहितो.

बॅगेत तूप, खवा, पनीर नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही नकोत, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय त्या चालत नाहीत. सुके मसाले, मेतकूट, भाजणी, भडंग खुशाल द्या.

औषधं मूळ पाकिटात, आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र: औषधाचं शास्त्रीय नाव, मात्रा, किती दिवस. भारतीय ब्रँडची नावं इथल्या फार्मसीत कुणी ओळखत नाही आणि अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. प्रवासविमा बहुधा जुन्या दुखण्याला लागू नसतो, ती अट वाचून घ्या. डॉक्टरचं बिल आधी आपण भरायचं आणि मग दावा, म्हणून प्रत्येक कागद जपायचा. जिवावरचं असेल तर ११२. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा पण रुग्णवाहिका नको, तर ११६११७.

भारतीय सिम बंद करू नका. निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून ठेवा, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. तो आला नाही की कार्ड हातात असून पैसे हलत नाहीत. इंटरनेटसाठी ई-सिम घरूनच घ्यावं. इथल्या प्रीपेड सिमला पासपोर्टची पडताळणी लागते, ती पहिल्या दिवशी अडकू शकते. एटीएमने "रुपयांत आकारू का?" असं विचारलं तर नाही म्हणायचं आणि युरोच निवडायचे. रुपये निवडले की दर मशीनवाला ठरवतो.

लॅपटॉपची आपली तीन पिनांची वायर इथल्या भिंतीत बसत नाही. एफ प्रकारचा अ‍ॅडॅप्टर भारतातूनच आणा, नाहीतर रविवार बॅटरीवर काढावा लागेल.

खोलीसाठी किल्ली पोस्टाने पाठवतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे अजिबात पाठवू नका. विद्यापीठाने सुचवलेली खोली थोडी महाग वाटली तरी घ्या. एरवी परदेशात राहणाऱ्याला ३ महिन्यांच्या आतल्या मुक्कामासाठी पत्त्याची नोंदणी करावी लागत नाही, त्यामुळे त्या धावपळीत पडू नका.

बर्लिनच्या वाहतुकीत भाड्यासाठी ए, बी, सी असे तीन झोन आहेत. विमानतळ सी झोनमध्ये आहे, तेव्हा शहरात यायला एबीसी तिकीट. कागदी तिकीट असेल तर छापयंत्रात घालून शिक्का मारायचा. न मारलेलं तिकीट बिनतिकीटच धरतात आणि दंड ६० युरो. महिन्याभरासाठी डॉइचलांडटिकिट (जर्मनीभर शहरी वाहतुकीत आणि रीजनल गाड्यांत चालणारं मासिक तिकीट) घ्या, ६३ युरो.

– हेमंत

प्रेषक: मीनल

हेमंत, तिकिटाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. डॉइचलांडटिकिट कॅलेंडरच्या महिन्याचं असतं. ११ जुलै ते ९ ऑगस्ट म्हणजे दोन महिने, १२६ युरो. काही विक्रेते पहिल्या महिन्याचे उरलेल्या दिवसांपुरतेच घेतात, तसा शोधायला हवा. शिवाय ती वर्गणी आहे: १० तारखेपर्यंत रद्द केली तरच त्या महिनाअखेरीस थांबते, आणि पुष्कळ ठिकाणी युरोपातल्या बँक खात्यातूनच पैसे घेतात. क्रेडिट कार्ड चालणारा विक्रेता आधी शोधून ठेवा.

दुसरा पर्याय म्हणजे कोणत्याही तारखेपासून सुरू होणारं एबी झोनचं मासिक तिकीट. ११ जुलैला काढलं तर १० ऑगस्टपर्यंत चालतं आणि रद्द करायची भानगड नाही. विमानतळाच्या दोन फेऱ्यांना सी झोनचं जोडतिकीट वेगळं. ती शनिवार-रविवारी ड्रेस्डेन, लाइपझिगला जाणार असेल तर मात्र हेमंतचंच खरं, फक्त साध्या रीजनल गाड्यांनी. आयसीईत, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत, ते चालत नाही.

– मीनल

प्रेषक: श्रीकांत

वीकेंडचा विषय निघालाच म्हणून: प्राग किंवा व्हिएन्नाला जायला वेगळा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट जवळ हवा, आणि सर्वाधिक दिवस जर्मनीतच गेले पाहिजेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर येण्याजाण्याची नोंद बोटांच्या ठशांसह संगणकात व्हायला लागली आहे. शिक्का दिसला नाही तरी दिवस मोजले जातात. व्हिसाच्या स्टिकरवर मुक्कामाचे दिवस आणि वैधतेच्या तारखा असे दोन वेगळे रकाने असतात. वैधता जास्त दिसली तरी राहायचं ते मुक्कामाच्या रकान्यात लिहिलंय तेवढंच.

वृंदाताई, अपॉइंटमेंट मिळाली की कागदांचा संच स्कॅन करून मला पाठवा. तारखा मी एकदा ताडून देतो.

– श्रीकांत