१९३८ शेव्हरोले सिक्स : बिग एंडचं व्हाईट मेटल परत ओतून घेऊ की शेल बसवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
(नवीन लोकांसाठी : बिग एंड म्हणजे पिस्टनच्या रॉडचं क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, बसणारं टोक. त्याच्या आत व्हाईट मेटल हा मऊ मिश्रधातू ओतून बेअरिंग केलेलं असतं. शेल म्हणजे त्याऐवजी बसवायच्या तयार, पातळ, अर्धगोल वाट्या.)
कोल्हापुरात आमच्याकडे आजोबांची १९३८ ची शेव्हरोले आहे, मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होता तिथं जोडलेली. इंजिन मूळचंच, २१६ क्युबिक इंच म्हणजे साधारण साडेतीन लिटर, सहा सिलिंडर, ८५ हॉर्सपॉवर. मागच्या महिन्यात कराडहून येताना हायवेला तासभर पन्नास मैलांच्या स्पीडनं चालवली आणि खालून खटखट सुरू झाली, ॲक्सिलरेटर हलका सोडला की जास्तच. एकेका प्लगची वायर काढून बघितली तर चार नंबरची काढली की आवाज जवळजवळ बंद.

चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) खोललं तर तळाला चंदेरी कण, बोटात चोळले तर मऊ, चुंबकाला चिकटत नाहीत. चार नंबरच्या रॉडच्या कॅपमधला (बिग एंडचा खालचा अर्धा भाग) व्हाईट मेटलचा नखाएवढा तुकडा उडालाय आणि बाजूनी तळं आटल्यावर पडतात तशा भेगा. क्रँकचा जर्नल (रॉड जिथं बसतो तो गोल भाग) मायक्रोमीटरनं मोजला, ओव्हल नाही, ओरखडाही नाही, एवढं नशीब.

ह्या इंजिनात रॉडला क्रँकमधून प्रेशरनं तेल येतच नाही हो, रॉडच्या खाली चमच्यासारखा डिपर असतो तो ट्रेमधलं तेल उचलतो, आणि स्पीड वाढला की नोझलची धार त्या डिपरवर पडते. त्यामुळं तेलाच्या प्रेशरच्या गेजवर नेहमीसारखं चौदा पौंड दिसत होतं आणि मला काही कळलंच नाही.

आता वर्कशॉपवाले म्हणतायत रॉड बोअर करून शेल टाकू, व्हाईट मेटल कोण भरतंय आता. पण शेलमधलं भोक डिपरच्या भोकासमोर नाही आलं तर बेअरिंग कोरडंच फिरणार ना? कुणी ह्या इंजिनात शेल टाकून दोन-तीन हजार किलोमीटर चालवलंय का? १९५४ चं फुल प्रेशरवालं २३५ इंजिन टाका असंही एकानं सुचवलं, पण आरसी बुकावर ह्याच ब्लॉकचा नंबर आहे आणि मला तो बदलायचा नाही.

सांगली, पुणे, कुठंही पंपाची किंवा टर्बाइनची बेअरिंगं भरणारे जुने मिस्त्री माहीत असतील तर प्लीज कळवा, मी स्वतः रॉड घेऊन जाईन. आणि एकच रॉड भरायचा की सहाही, कारण वजन सारखं राहायला पाहिजे ना? कॅपखालच्या शिम्स (पत्र्याच्या पातळ पट्ट्या) भरताना किती ठेवायच्या म्हणजे पुढं झीज झाली की एकेक काढून टाइट करता येईल?

रॉड अजून कुणाला दिले नाहीत, नंबर टाकून फडक्यात गुंडाळून घरीच ठेवलेत. फोटो उद्या टाकतो.