गृहकर्जासोबत लादलेल्या विम्याबाबत मदत हवी आहे

पुण्यात पुनर्विक्रीची सदनिका घेत असून ४५ लाखांचे गृहकर्ज मंजूर झाले आहे. मात्र बँकेने कर्जसंरक्षण विम्याचा १ लाख ४० हजारांचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला आहे, म्हणजे २० वर्षे त्यावरही व्याज भरावे लागेल. हा विमा माझ्या जिवाचा आहे, घराचा नव्हे, आणि पुरेसा मुदत विमा माझ्याकडे आधीच आहे. त्याची प्रत देऊन हप्ता वगळण्याची विनंती शाखेत दोनदा केली, पण तोंडी नकारच मिळाला; लेखी उत्तर कोणी देत नाही, हे मला सर्वांत खटकते.

घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी स्वतंत्रपणे घेण्याची माझी तयारी आहे. तिच्यात इमारतीची विमा रक्कम चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशी निघते आणि जमिनीची किंमत धरली जात नाही, त्यामुळे ती कर्जाहून बरीच कमी भरते. विक्रेत्याला उरलेली रक्कम महिनाभरात द्यायची असल्याने बँक बदलणे शक्य नाही.

अशा स्थितीत जीवविमा वगळून सुधारित मंजुरीपत्र कोणी मिळवले आहे का, त्यासाठी लेखी अर्ज शाखेकडे करावा की थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, आणि कर्जाहून कमी रकमेची गृहविमा पॉलिसी बँका स्वीकारतात का?